रिकामं पेडल

आमच्या घरी गाडीची किल्ली गाडीतच लटकलेली असायची. चोरायला इथे कोण येणार? आमच्या बेटाच्या डोंगराळ भागात, उतुआदो गावाच्या वर, कॉफीच्या मळ्यांमध्ये, रस्ता जिथे संपतो तिथे आमचं घर. वर आमची छपरी, तिच्यात एकामागे एक दोन गाड्या मावतात. तिथून सिमेंटचा उतार सरळ खाली सासू-सासऱ्यांच्या व्हरांड्यापर्यंत जातो आणि त्यांच्या कठड्यापाशी वळून रस्त्याला लागतो. मागच्या गाडीला निघायचं असलं, की पुढची खाली नेऊन ठेवायची. ज्याचे हात मोकळे त्याने. इंजिनसुद्धा चालू करत नाही कुणी. चाकाखालचा दगड काढायचा, हँडब्रेक सोडायचा, गाडी आपसूक घरंगळते, खाली ब्रेक दाबायचा. पेट्रोल वाचतं. किल्ली गाडीत आणि चाकाखाली दगड, हे माझे सासरे पापा तिनो यांनी घालून दिलेले दोन नियम. तिसराही एक होता, तो मला कुणी सांगितला नव्हता.

अकरा वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही. का, ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे. दुकानात अजून कुणीतरी म्हणतंच, "आली बघा क्लच आविल्दा." मीही हसते. हसले नाही तर दुसऱ्यांदा म्हणतात.

तो रविवार होता. माझा नवरा एफ्राइन सकाळपासून गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलत होता. त्याच्या बापाने दोन्ही पोरांना हे काम मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेलं. पापा तिनो तीस वर्षं डोंगरात प्रवासी गाडी चालवायचे. या रस्त्यांवर ज्याला ब्रेकचं काम येत नाही तो पुरुषच नव्हे, असं त्यांचं मत. मी गॅसवर तुरीच्या दाण्यांचा भात टाकला होता. धाकटा दीर बेर्तो मागच्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, कारण त्याला कोंबड्यांच्या झुंजीला पोचायचं होतं. एफ्राइन मागच्या मोरीवर हात धूत होता. तिथून ओरडला, "आविल्दा, गाडी काढ गं! हा बोंबलतोय बघ. किल्ली आतच आहे!"

मी भाताखालचा गॅस बारीक केला आणि गेले. दगड काढला, बसले, हँडब्रेक सोडला. शंभर वेळा केलेलं काम. गाडी छपरीतून उताराला लागली, मी ब्रेक दाबला, आणि पायाखाली काहीच नव्हतं. पेडल थेट जमिनीला टेकलं. मी ते तसंच दाबून धरलं, जीव खाऊन, दुसरा पायही त्यावर ठेवला. उतार चाळीस पावलांचा. हँडब्रेक ओढायला हवा होता, हे मला लोकांनी नंतर हजारदा सांगितलं.

खाली व्हरांड्यात पापा तिनो डॉमिनो मांडून बसले होते, डावा पाय कठड्यावर टाकून. गाडी कठडा फोडून आत गेली.

त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो आवाज मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती मी अकरा वर्षं चुकीची समजून घेतली होती. एफ्राइन धावत आला, हाताला साबण तसाच. मला दंडाला धरून बाहेर ओढलं, स्वतः गाडीत बसला, काहीतरी केलं, आणि मगच बापाकडे गेला. बाप ओरडत होता आणि मुलगा आधी गाडीत शिरला. मला वाटलं, हँडब्रेक ओढत असेल. डोकं किती शांत आहे याचं, असंही वाटलं मला. त्याही वेळी.

संध्याकाळी इस्पितळातून आल्यावर मी म्हणाले, "ब्रेक लागले नाहीत. पेडल खालीच गेलं."

एफ्राइन सगळ्यांसमोर गाडीत बसला. पेडल दाबून दाखवलं. "बघा. दगड आहे दगड. माझ्या हातचे ब्रेक जातात होय?" बेर्तोनेही दाबून पाहिलं. शेजाऱ्यांनी पाहिलं. मग बेर्तोच म्हणाला, "वहिनी, घाबरलात तुम्ही. पाय क्लचवर पडला असेल. क्लचच जातो असा लोण्यासारखा खाली."

झालं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, बाई स्टिअरिंगवर. क्लचच तो. सगळ्यांना पटलं. महिन्याभरात मलाही पटलं. रात्री पडल्या पडल्या मी दोन्ही पाय चादरीखाली हलवून बघायचे, कोणता पाय होता, कोणतं पेडल होतं. आपल्याच पायावरचा भरवसा उडणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दीडशे पोरांचा नाश्ता आणि जेवण. आधी गाडीने पंधरा मिनिटांत पोचायचे. त्यानंतर साडेचारला उठून खाली चौकापर्यंत चालत जायचं आणि तिथून कुणाच्या तरी गाडीत हात दाखवून चढायचं. एफ्राइन कधी सोडायचा, कधी नाही. बाजारात जायचं असलं की विचारायचा, कुठे, कशाला, किती वाजता परत? बहिणीकडे पोन्सेला जायचं तर आठवडाभर आधी तोंड वेंगाडायचं. "तुला गाडी दिली असती, पण लोकांना पाय दोनच असतात," असं म्हणून हसायचा. चारचौघांत म्हणायचा. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ना, पण तेव्हा चोर कोण हेच मला ठाऊक नव्हतं.

पापा तिनो त्यानंतर तीन वर्षं जगले. त्यांच्या तुटलेल्या पायाची जखम कधी नीट भरलीच नाही, ती मी धुतली. सासूबाई, दोन्या प्रोवी, त्यांना रक्त बघवत नाही म्हणायच्या. मुलगे लांबून विचारायचे, "कसं आहे, पापा?" मी रोज शाळेतून आले की कोमट पाणी, पट्टी, मलम. गुडघे टेकून. मनातल्या मनात दर वेळी माफी मागत. आणि म्हातारा मला एका शब्दाने कधी बोलला नाही. उलट माझा हात धरून रडायचा. "पोरी, तुझ्यावर फार झालं गं." मला वाटायचं, देवमाणूस आहे हा. त्याचा पाय मी घेतला आणि हा माझ्यासाठी रडतोय. माणूस गेलं की आमच्याकडे नऊ रात्री माळ जपतात, त्यांच्या त्या नऊही रात्री मी सगळ्यांत मोठ्याने रडले.

आता या वर्षीचं.

एफ्राइनच्या पाठीचं ऑपरेशन जानेवारीत झालं. वाकायचं नाही, बसताना सुद्धा काठी. त्यातच गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. तीच जुनी गाडी, दोनदा रंगवलेली. पुढच्या ब्रेकमधून लोखंड घासल्याचा आवाज येत होता, तो मला खाली रस्त्यापासून ऐकू यायचा. बेर्तो केव्हाच फ्लोरिडाला गेलेला.

मी म्हणाले, "गावात गॅरेज आहे की."

"कुणा उपटसुंभाच्या हाती माझे ब्रेक देऊ?" एफ्राइन म्हणाला. "मी सांगतो, तू कर. काही अवघड नाही, बायकासुद्धा करतील."

"बायकाच करणार आहेत," मी म्हणाले आणि शाळेचा जुना एप्रन चढवला.

शनिवारी सकाळी त्याने छपरीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची मांडून घेतली, कॉफी मागून घेतली आणि काठीने हुकूम सोडायला लागला.

"नट आधी सैल कर, मग जॅक लाव. उलटं केलंस तर चाक फिरत बसेल. डावीकडे. अगं, डावीकडे! हिला डावं-उजवं कळलं असतं तर..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं. पुढचं मला पाठ आहे.

चाक निघालं. काढलेलं चाक त्याने गाडीखाली आडवं सरकवायला लावलं, जॅक सटकला तर गाडी त्यावर बसावी म्हणून. मग कॅलिपरचे दोन बोल्ट. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा लोखंडी पंजा, त्याच्या पोटात पॅड असतात. तो सुटला तेव्हा मी तसाच लोंबकळत सोडणार, तर एफ्राइन खुर्चीतून अर्धा उठला.

"नळीवर लटकवू नकोस! तारेने वर बांध. ती नळी फाटली की ब्रेक गेलेच समज."

मी तारेने बांधला. जुने पॅड हातात आले. एकाचा तर नुसता पत्रा उरला होता. डिस्क मात्र गंजून घट्ट बसलेली. मी हातोडा घेतला.

"हळू! ते माझं डोकं नाही."

"म्हणून तर हळू मारतेय."

त्याला हसू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. चार घाव घातले आणि डिस्क ठणकन सुटली. तीस वर्षं भाताची पातेली उचललेले हात आहेत माझे. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. नव्या डिस्कवरचं कंपनीचं तेल पुसून काढ, गंज घासून काढ, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सळयांना ग्रीस लाव. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण तो नीट सांगत होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं नीट तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मनात एक वेडा विचार येऊन गेला, की आपण केलेले ब्रेक आहेत, आपणच चालवून बघू.

"आता पिस्टन, पॅडला दाबणारा दट्ट्या," तो म्हणाला. "जुने पॅड झिजले तसा तो बाहेर आलेला. नवे जाड, ते बसणार नाहीत. म्हणून त्याला आत ढकलायचा. जुना पॅड मध्ये धर आणि शिकंजा आवळ. सावकाश. वर ब्रेकच्या टाकीतलं तेल चढतं का बघ."

मी शिकंजा फिरवत गेले. पिस्टन इंचभर आत गेला. नवे पॅड बसले, कॅलिपर बसला, चाक चढलं. दुसऱ्या बाजूला अर्ध्याच वेळात आटोपलं, कारण तो काठी उचलायच्या आधी मी पुढचं करत होते. दुपारचे बारा वाजले होते. मी जॅक उतरवला, नट आवळले, एप्रनला हात पुसले.

"झालं?"

"झालं कसलं," कप तोंडाला लावता लावता तो म्हणाला. "बस आत. दगड राहू दे, गाडी हलवायची नाही. आधी ब्रेक दाब, पाच-सहा वेळा. पिस्टन आत ढकललेत ना आपण, ते अजून पॅडला टेकलेले नाहीत, पहिलं पेडल रिकामं जातं. घट्ट लागेपर्यंत..."

आणि तो थांबला.

कप तोंडापाशीच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, उताराकडेही बघत नव्हता. आपल्या पायाखालच्या जमिनीकडे बघत होता.

मी गाडीत बसले. अकरा वर्षांनी. डावा पाय उचलून मुद्दाम सीटवर घेतला, मांडी घातल्यासारखा, म्हणजे चूक व्हायला जागाच नको. उजव्या पायाने मधलं पेडल दाबलं.

ते जमिनीला टेकलं.

तेच. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेच. माझ्या पायाने ते ओळखलं, मी ओळखायच्या आधी. दुसऱ्यांदा दाबलं, अर्ध्यावर काहीतरी लागलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा दगड. बेर्तोने दाबलं तेव्हा होता तसा, शेजाऱ्यांनी दाबलं तेव्हा होता तसा. चार वेळा दाबलं की चूक पुसली जाते, मागे खूणही राहत नाही. बापाला ओरडत टाकून हा आधी गाडीत का शिरला, ते मला तेव्हा कळलं.

मी काच खाली केली. "एफ्राइन."

"काय?"

"हे तुला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. लहान पोराला ठाऊक असतं."

"मला नव्हतं."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बेर्तो हॉर्न वाजवत होता. माझे हात साबणाचे. तोंडातून निघून गेलं, गाडी काढ म्हणून. तेवढं एकच राहिलं होतं. मी येऊन करणारच होतो."

"आणि मग? इस्पितळात? दुसऱ्या दिवशी? अकरा वर्षांत एक दिवस?"

"माझा बाप होता तो, आविल्दा! बापाचा पाय पोराने तोडला म्हणून सांगू? मला घराबाहेर काढलं असतं. तू काय, तू सून. सुनेवर माणसं रागावतात, चार दिवसांनी विसरतात."

"विसरले?"

तो काठीने जमीन टोकरत राहिला. करून सवरून नामानिराळा, आणि वर माझ्याच नावाने विनोद करणारा. मला त्याच्या काठीने त्यालाच बडवावंसं वाटलं. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. मी उतरले, चाकाखालचा दगड काढला, परत बसले.

"काय करतेस? आविल्दा! मी नीट बघितलं नाहीये अजून! नट..."

मी हँडब्रेक सोडला.

गाडी उताराला लागली. खाली व्हरांड्यात दोन्या प्रोवी बसल्या होत्या, शहाऐंशी वर्षांच्या, मांडीवर वाटाणे सोलायची परात. त्यांनी मला स्टिअरिंगमागे बघितलं. परात सांडली. दोन्ही पाय त्यांनी खुर्चीवर ओढून घेतले आणि छातीवर क्रूस काढला.

मी ब्रेक दाबला. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर गपकन उभी राहिली. एवढ्या सरळ उभी राहिली की मला रडू आलं.

"घाबरू नका, दोन्या प्रोवी," मी खिडकीतून म्हणाले. "या वेळी पेडल आधी दाबून घेतलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर, छपरीच्या तोंडाशी काठी टेकून उभ्या असलेल्या पोराकडे. मग परत माझ्याकडे. आणि हळूच विचारलं, "सांगितलं त्याने?"

मी ऐकलं, पण मला ते समजायला वेळ लागला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिनोला ठाऊक होतं. त्यानेच शिकवलेलं ना पोरांना. शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाला, एफ्राइनने पेडल दाबलं नव्हतं. पण बोलू नकोस म्हणाला. पाय काही परत यायचा नाही, पोरगा मात्र हातचा जाईल." त्या सांडलेल्या वाटाण्यांकडे बघत होत्या. "तू निभावून नेशील, असं म्हणाला. सून खंबीर आहे म्हणाला."

तीन वर्षं गुडघे टेकून मी ती जखम धुतली. तीन वर्षं तो म्हातारा माझा हात धरून रडला आणि मी त्याला संत समजले. त्याला माझी दया येत नव्हती, लाज वाटत होती. आणि ती लाज गिळून तो रोज मला पाय धुवू देत होता. नवऱ्याचं मी एक वेळ समजू शकते, तो भित्रा आहे. म्हाताऱ्याचं मला अजून समजलेलं नाही. त्याच्यासाठी रडलेल्या नऊ रात्री मला परत हव्या आहेत.

मी इंजिन चालू केलं आणि रस्त्याला लागले. बहिणीकडे पोन्सेला गेले. कुठे, कशाला, किती वाजता परत, हे कुणाला सांगितलं नाही. डोंगराच्या प्रत्येक वळणावर ब्रेक लागत होते. माझ्या हातचे होते.

परत आले. या वयात कुठे जाणार? पण किल्ली काढून घेतली. आमच्या घरात आता गाडीची किल्ली गाडीत नसते, माझ्या एप्रनच्या खिशात असते. एफ्राइनने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, बेर्तोलाही नाही. सांगेन म्हणतो, योग्य वेळ आली की. दुकानात मी अजून क्लच आविल्दाच आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला पाठीच्या व्यायामासाठी गावात न्यावं लागतं. मी नेते. फक्त एक अट घातली आहे. त्याने आधी काठी टेकत खाली जायचं आणि व्हरांड्यात बापाच्या जागेवर बसून गाडीची वाट बघायची, पाय कठड्यावर टाकून. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "रस्त्यावर उभा राहतो की." मी म्हणाले, "मग चालत जा."

तो बसतो. वरून मला त्याचं डोकं दिसतं, माझ्याकडे वळवलेलं. मी दगड काढते, गाडीत बसते, आणि हँडब्रेक सोडायच्या आधी पेडल पाच वेळा दाबते. पण ते त्याला तिथून दिसत नाही.